अमेरिकेत नवी नोकरी लागली, कंपनीने हेल्थ इन्शुरन्स मार्केटप्लेसची नोटीस द्यायलाच हवी का?

हो, बहुतेक कंपन्यांवर तसं बंधन आहे. मार्केटप्लेस म्हणजे आरोग्य विमा विकत घ्यायची सरकारी ऑनलाइन बाजारपेठ, आणि तिची माहिती देणारी ही नोटीस. अफोर्डेबल केअर कायद्यामुळे (ओबामाकेअर म्हणतात तो आरोग्य विम्याचा कायदा) आलेला हा नियम १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू आहे. रुजू झाल्यापासून १४ दिवसांत लेखी नोटीस मिळायला हवी, मग तुम्ही पार्टटाइम असा किंवा कंपनीचा विमा घेतलेला नसो. नोटीस दिली नाही म्हणून दंड मात्र होत नाही, आणि ही पळवाट मला फार खटकते. म्हणून एचआरकडे स्वतःहून मागा. नोटिशीच्या सरकारी नमुन्यात कंपनीने भरायचा भाग नीट वाचा: तिचा विमा किमान दर्जाचा आहे का, ते तिथे असतं. तो तसा असेल आणि कायद्याच्या हिशेबाने परवडणाराही असेल, तर मार्केटप्लेसवर विमा घेता येतो, पण सबसिडी मिळत नाही.