सुरतची स्विफ्ट ऑनलाइन निम्म्या भावात मिळतेय, घेऊ का? आणि माझी जुनी गाडी विकताना काय काळजी घेऊ?

घेण्याचं आधी उरकतो, कारण माझं दुखणं विकण्याचं आहे.

मालक म्हणे फौजी, बदली झाली, गाडी कॅम्पात उभी आहे, गेटपासचे थोडे पैसे टाका म्हणजे घरपोच पाठवतो. असं सांगत असेल तर अशी गाडी नसतेच. फोन ठेवून द्या. क्यूआर स्कॅन केल्यावर तुम्हाला पैसे येतील म्हणणाराही त्याच माळेतला. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. गेलेच पैसे तर तिथल्या तिथे १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, उद्यावर टाकू नका.

बाकी सुरतचं सोपं आहे. उधना-लिंबायतला तुमच्या गावचं कोणी ना कोणी राहतच असेल. त्याला गाडी बघायला पाठवा. गाडीवर कोरलेला चेसिस नंबर आरसीशी ताडून घ्यायचा, आरसीवर कर्जाचा बोजा आहे का बघायचं. गुजरातच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय सगळे पैसे मोकळे करू नका. इकडचा रोड टॅक्स वेगळा भरावा लागेल, तो धरून मग भाव करा.

आता माझं. २०२१ च्या दिवाळीनंतर मी माझी वॅगन आर जाहिरात टाकून विकली. एमएच १९, दहा वर्षं जुनी, एकहाती वापरलेली. घेणारा म्हणाला, मंगळवारी अमळनेरला मंगळग्रह मंदिरात दर्शनाला येतोय, तिथेच गाडी बघतो. आला तो कपाळाला टिळा, हातात प्रसाद. माझा शालक बरोबर होता, तो तिथेच विरघळला. मी म्हटलं, गाडी दिल्याचा एक कागद करून घेऊ. तर हा त्या माणसासमोर म्हणतो, "दाजी, माणूस देखा, कागद काय देखतस!"

एक लाख सत्तर हजारांत सौदा झाला. त्यातले पन्नास हजार खात्यावर टाका, एवढा हट्ट मी सोडला नाही. त्यावरूनही शालकाने चारचौघांत माझी टर उडवली, समोर रोकडा असताना बँक कशाला म्हणून. उरलेले बोनेटवर मोजून घेतले. मग त्या गृहस्थाने गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म पुढे केले. २९ च्या दोन प्रती, ३० ची एक. "सह्या करून द्या, नाव-तारीख मी टाकून घेतो." मी केल्या. पंचवीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिले, कोरा चेक कधी कोणाला दिला नाही, आणि इथे कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकून वर चहाही पाजला.

जानेवारीत मोबाइलवर मेसेज सुरू झाले. सोनगीर टोल. मग शिरपूर टोल. मग परत सोनगीर. कधी रात्री दोन, कधी पहाटे चार. फास्टॅग माझ्याच खात्याला जोडलेला राहिला होता. बायको म्हणाली, आपल्याकडे होती तेव्हा एवढी फिरली नाही. आम्ही हसलो. मग चलनं आली, तेव्हा हसू कमी झालं. मार्चमध्ये एका पोलीस ठाण्यातून फोन आला, "तुमची गाडी गुटख्यासह पकडली आहे, ड्रायव्हर पळाला, तुम्ही या."

झालं होतं असं की तो टिळेवाला एजंट निघाला. त्याने गाडी स्वतःच्या नावावर केलीच नाही. करतच नाहीत हे लोक. नाव चढलं की आरसीवर एक मालक वाढतो आणि भाव पडतो, शिवाय फी वेगळी. म्हणून कोऱ्या सह्यांचे फॉर्म गाडीबरोबर या हातातून त्या हातात जात राहतात. सगळ्या हातांत कागदोपत्री मालक एकच, मी. पाच महिने चकरा मारल्या. जबाब देताना कामाला काय आलं? त्याच्या नावाने खात्यात आलेली पन्नास हजारांची एंट्री. दुसरा पुरावाच नव्हता माझ्याकडे.

शालक अजूनही म्हणतो, पूर्ण पैसे भेटले ना, मग फसवणूक कसली? बाबा रे, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच सांगितलंय, गाडी कितीही जणांना विकत गेली असो, आरटीओच्या दफ्तरी ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडून. माझ्या गाडीत गुटखा सापडला. चाकाखाली माणूस सापडला असता तर ते एक लाख सत्तर हजार कितीसे पुरले असते?

म्हणून विकताना घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरल्याशिवाय सही करायची नाही. गाडी दिल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा, दुपारी साडेतीन म्हणजे साडेतीन, त्यानंतरचं जे होईल ते त्याचं. त्याच्या आधारची झेरॉक्स घ्या, थोडे तरी पैसे बँकेतूनच घ्या. आणि मालकी बदलल्याचं चौदा दिवसांत आरटीओला आपणही कळवायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अधिकृत डीलरला देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९ सी आहे, तो भरला की जबाबदारी डीलरवर जाते. माझ्या वेळी ही सोय नव्हती.

सगळेच एजंट असे असतात असं नाही. माझी आत्ताची गाडी मी एजंटकडूनच घेतली आणि महिन्याभरात माझं नाव चढलं. आणि घेणारा नात्यातला असेल तरी कागद तोच करायचा, शालक असला तर दोन प्रतींत.

फास्टॅग मात्र गाडी द्यायच्या आधी काचेवरून खरवडून काढा आणि बँकेकडून बंद करून घ्या. माझे त्यात साडेअकराशे गेले, ते मी अजून शालकाकडून वसूल केलेले नाहीत.