दुपारची झोप सुटताना

प्रिय मुली,

तू सांभाळतेस ती साडेतीन वर्षांची पोर दुपारी झोपतच नाही, काय करू, असं तू विचारलंयस. उपाय सांगते, पण आधी एक प्रश्न: ती झोप नक्की कोणाला हवी आहे?

रागावू नकोस, माझंच सांगते. मीही मुलं सांभाळायचं काम करायचे, तेव्हा एका घरी सव्वातीन वर्षांच्या मुलाला मी रोज तास-दीड तास थोपटत बसायचे. तो डोळे मिटून पडायचा, पण पापण्या थरथरत असायच्या. कधीतरी चारच्या सुमाराला डोळा लागायचा आणि मग रात्री अकरापर्यंत तो घरभर उड्या मारायचा. त्याच्या आईवडिलांना सकाळी लवकर कामाला जायचं असे. किती दिवस ते मला काही बोलले नाहीत. खरी गोष्ट अशी की तो दुपारचा तास माझा होता. मी तेव्हा जेवायचे, जरा पाठ टेकायचे. माझी वामकुक्षी मी त्या पोराच्या गळ्यात मारली होती.

जागेपणी झोपेची ओढ हळूहळू साचत जाते. दीड वर्षाच्या मुलाला ती दुपारपर्यंतच पेलवेनाशी होते. मेंदू वाढतो तसं तेच मूल संध्याकाळपर्यंत तग धरू लागतं. त्यामुळे यात हट्ट नाही आणि तुझं थोपटणंही कमी पडलेलं नाही. बहुतेक मुलांची दुपारची झोप तीन ते पाच या वयात सुटते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 10 ते 13 तास झोप लागते, आणि दुपारची डुलकी त्यातच धरलेली आहे. म्हणून नुसती दुपार मोजू नकोस, सगळा दिवस मोज.

दोन वर्षांचं मूल आठवडाभर झोपायला नकार देऊ लागलं तर मात्र लगेच झोप बंद करू नकोस. दाढा येत असतात, नवे शब्द फुटत असतात, ‘नाही’ म्हणायची गंमत नुकतीच कळलेली असते. रोज त्याच वेळी अंथरुणावर ने. बहुतेक वेळा झोप परत येते.

तुझ्याकडची पोर मोठी आहे, तिच्यासाठी एक वही कर. कधी आडवी झाली, कधी झोप लागली, कधी उठली, संध्याकाळी पाच-सहाला कशी होती, एवढंच लिहायचं. रात्रीचं तिच्या आईवडिलांना लिहायला सांग. तुला दुपार दिसते, त्यांना रात्र दिसते, आणि भांडणं होतात ती यामुळेच. दोन आठवड्यांत कळेल. दुपारी झोपली नाही तरी संध्याकाळी हसतखेळत असेल तर झोप सुटतेय. पाच वाजता चप्पल उलटी घातली म्हणून भोकाड पसरत असेल तर अजून सुटलेली नाही. मधले काही महिने एक दिवस झोप, एक दिवस नाही, असं चालतं. झोपली तर तासाभरात, तीनच्या आत उठव. झोपली नाही तर रात्री अर्धा-पाऊण तास लवकर निजवायला सांग, आणि संध्याकाळी गाडीत पेंगू देऊ नकोस. ती दहा मिनिटांची पेंग रात्रीचे दोन तास खाते.

झोप गेली तरी तो तास जाऊ देऊ नकोस. ‘झोप’ हा शब्दच काढू नकोस, शांत वेळ म्हण. पडदे ओढायचे, चित्रांची पुस्तकं, ठोकळे, एखादं कोडं, आणि हा खेळ फक्त त्याच वेळी बाहेर काढायचा. पहिल्या दिवशी दहाच मिनिटं. मग दर दोन-तीन दिवसांनी पाच-पाच मिनिटं वाढवत पाऊण तासापर्यंत ने. ती मध्येच बाहेर येईल, चिडू नकोस, हात धरून परत सोड. मोबाइल हातात देण्याचा मोह होईल. दिलास तर पोर गप्प बसेल, पण ती विश्रांती नव्हे.

आणि झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध कधीही द्यायचं नाही. कोणीही सांगितलं तरी नाही. जिवाशी खेळ आहे तो.

आता अवघड भाग. त्या तासात तू मुलांचे कपडे घडी करतेस, संध्याकाळच्या जेवणाची तयारी करतेस. पोर जागी असताना हे सगळं पूर्वीसारखं होणार नाही. मनात कुढत बसण्यापेक्षा मुलीच्या आईशी सरळ बोल: ‘ताई, आता ती दिवसभर जागी असते. वरचं कोणतं काम ठेवायचं, कोणतं सोडायचं, आणि माझं जेवण कधी, हे ठरवू या.’ काम वाढलं असेल तर पगाराचं बोलणंही याच बैठकीत काढ. नंतर काढलंस तर ती तक्रार वाटते. तिच्याकडे वही आधी दे, म्हणजे बोलणं सोपं जाईल.

त्याच घरातल्या धाकट्याची झोप एवढ्यात हलवू नकोस. त्याला झोपवायच्या आधी थोरलीला दमव, भरपूर पळू दे. मग तो झोपला की तिची शांत वेळ सुरू कर. दोघं एका खोलीत नकोत.

आणि हो, ती एकटी बसणार त्या खोलीची कडी आतून लागत नाही ना, एवढं आजच बघ. मी एकदा तासभर दाराबाहेरून विनवण्या केल्या आहेत.

तुझी,
मावशी