ग्रीसच्या सहलीत कुकिंग क्लास घ्यावा का? रोज पोळ्या लाटणारीला तिथे नवीन काय शिकायला मिळणार?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये अथेन्स, सँटोरिनी आणि क्रीट करताय, मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. क्लास घ्यावा का आणि घ्यायचा तर कुठे, असं विचारलंय. नवऱ्याचं म्हणणं, ‘घरी रोज लाटतेसच की, तिथे पैसे देऊन काय शिकणार?’ क्लास जरूर घ्या. आणि नवऱ्याला सांगा की पोळी लाटणाऱ्या हाताला फिलो, म्हणजे त्यांची मैद्याची अतिशय पातळ लाटलेली पारी, आपोआप जमत नाही. उलट तीच सवय आड येते. ‘पैसे देऊन काय शिकणार’ हा सूर परदेशी जाणाऱ्या आपल्या लोकांच्या प्रत्येक ग्रुपवर निघतो आणि तो धडधडीत चुकीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी काय शिकायला जाऊ नये ते. त्झात्झीकी, ग्रीक सॅलड आणि तयार पॅकेटच्या फिलोची पालक-पीता, असा मेन्यू असेल तर सोडून द्या. त्झात्झीकी म्हणजे 400 ग्रॅम चक्का, एक मोठी काकडी किसून मीठ लावून घट्ट पिळलेली, लसणाच्या दोन पाकळ्या, चमचाभर व्हिनेगर, दोन-तीन चमचे ऑलिव्ह तेल आणि शेपू. श्रीखंडासाठी चक्का टांगणाऱ्या घराला हे शिकवायला कुणी लागत नाही. काकडी नीट पिळली नाही तर तासाभरात पाणी सुटतं, एवढीच त्यातली खोच. मुसाकाही तुमच्या कामाचा नाही. मूळ पदार्थ वांगी आणि खिम्याच्या थरांचा, आणि वरचा जाड बेशामेलचा, म्हणजे दूध-मैद्याच्या पांढऱ्या सॉसचा थर रूढ झाला तो 1920च्या दशकात, सिफनोस बेटाच्या निकोलाओस त्सेलेमेन्तेस या आचाऱ्यामुळे. वांग्याची भाकड आवृत्ती शाकाहारी म्हणून पुढे करतात, त्यात राम नसतो.

शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे हाताने लाटलेल्या फिलोची पीता. ही भाजलेली, सारण भरलेली पीता; सुवलाकीबरोबर, म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाबरोबर, येणारी रोटीसारखी नव्हे. क्लास खरा की देखाव्याचा, हे वेळेच्या हिशोबावरून कळतं. मळायला पंधरा मिनिटं, पीठ मुरायला किमान पाऊण तास, लाटून भरायला पाऊण तास, भट्टीत तासभर, निवायला वीस मिनिटं. म्हणजे तीन तास एका पीतेलाच गेले. ‘अडीच तासांत पाच पदार्थ’ अशी जाहिरात असेल तर फिलो फ्रीजरमधला असणार, हे धरून चाला.

आता प्रमाण. 36-38 सेंटीमीटरच्या गोल ताप्सीसाठी, म्हणजे त्यांच्या काठाच्या पसरट थाळ्यासाठी, 500 ग्रॅम मैदा, एक चमचा मीठ, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि साधारण 250 मिलीलीटर कोमट पाणी. पाणी बेताबेताने घाला, पिठापिठात फरक असतो. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल, पुरणपोळीच्या कणकेपेक्षा बराच घट्ट हवा. दहा मिनिटं जोर लावून मळायचा. व्हिनेगर चवीसाठी नाही, त्याने पीठ ताणायला मऊ पडतं. गव्हाच्या आपल्या कणकेने हे होत नाही. कोंड्याचे कण ग्लुटेनची जाळी कापतात आणि पारी मिलिमीटरवर आली की फाटते. चार गोळे करायचे: खालच्या दोन पाऱ्यांसाठी थोडे मोठे, वरच्या दोनसाठी थोडे लहान. त्यांना तेलाचा हात लावून झाकून ठेवायचं. उघडे राहिले तर वर साय धरते, आणि लाटताना नेमकी तिथेच चीर जाते. मुरायला वेळ दिला नाही तर पारी लाटाल तितकी परत आक्रसते. जोर वाढवून उपयोग नसतो, थांबायचंच.

मग प्लास्टिस हातात येतो. हे लाटणं म्हणजे जेमतेम दोन सेंटीमीटर जाडीची, पाऊण मीटरच्या आसपास लांबीची सरळ काठी. मधे फुगीर नाही, मुठी नाहीत. गोळा वीस-बावीस सेंटीमीटरपर्यंत आपण पोळी लाटतो तसाच लाटायचा. इथवर तुमचा हात शिक्षिकेपेक्षाही सफाईदार चालेल. त्यानंतर भरपूर कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं, काठी आपल्याकडच्या कडेवर ठेवायची आणि अख्खी पारी तिच्यावर गुंडाळायची. दोन्ही तळवे मधोमध एकमेकांना लागून ठेवायचे. काठी पुढे-मागे फिरवत तळवे मधून टोकांकडे सरकवत न्यायचे. पुन्हा मधे, पुन्हा टोकांकडे. असे तीन-चार फेरे झाले की पारी उलगडायची, पाव वळसा फिरवायची, कॉर्नफ्लोअर टाकायचं, पुन्हा गुंडाळायची. प्रत्येक खेपेला ती तीन-चार बोटं वाढते. पाच-सहा खेपांत 45 सेंटीमीटरची आणि मिलिमीटरभर जाडीची पारी होते. टेबलाचा रंग तिच्यातून दिसायला लागला की झालं.

पोळीची सवय नडते ती इथे. पोळी लाटताना आपण दाब खाली देतो आणि लाटण्याच्या झोक्याने पोळी गोल फिरवतो. गुंडाळलेल्या पारीवर खाली दाब दिलात की वेढे एकमेकांना चिकटले, मग उलगडताना चिंधड्या होतात. इथे दाब खाली नाही, बाजूला द्यायचा. पारी ताणली जाते ती तळवे बाहेर सरकण्याने. पोळ्या करणारा माणूस हमखास आणखी दोन गोष्टी चुकतो. एक, कॉर्नफ्लोअर कमी घेतो, कारण पिठी जास्त लावली की पोळी कोरडी होते हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. फिलोला ही काळजी नाही, जादाचं ब्रशने झटकता येतं. दोन, मधला भाग जाड ठेवतो, कारण तळवे मधून सुरूच करत नाही. भोक पडलं तर घाबरू नका. फाटकी पारी खालच्या जोडीत घालायची, वरची तेवढी अखंड हवी.

सारण. हिवाळ्यात आणि वसंतात रानभाज्या असतात. सप्टेंबरमध्ये त्या मिळत नाहीत, पण व्लीता असते, आणि ती आपल्या माठाच्याच कुळातली. किलोभर पाला घ्या. व्लीता किंवा माठ असेल तर दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढायचा. पालक असेल तर कच्चाच चिरून, मीठ चोळून, अर्ध्या तासाने पिळायचा. यात पातीचा कांदा, मूठभर शेपू, पुदिना, 300 ग्रॅम फेटा चीज. शेपूला नाक मुरडणाऱ्यांनीसुद्धा तो वगळू नये, पीतेचा वास त्याचाच असतो. मीठ शेवटी चाखून, फेटा खारट असतो. अंडी घालतात दोन, नसली तरी अडत नाही.

पीता बिघडते ती बहुतेक वेळा तळाशी, पाण्याने. खालच्या दोन पाऱ्यांमध्ये तेल लावा आणि सारणाआधी दोन मोठे चमचे बारीक रवा पसरा. सुटलेलं पाणी तो पितो. कित्येक घरांत त्यासाठी त्राहानास घालतात, म्हणजे दूध किंवा दह्यात गहू शिजवून वाळवलेला भरडा. वरच्या दोन पाऱ्यांना मधे आणि वर तेल लावा, खालची लोंबती कड वर वळवून दुमडा, आणि भाजायच्या आधीच सुरीने फक्त वरच्या पाऱ्यांवर तुकड्यांच्या रेघा पाडा. भाजल्यावर कापायला जाल तर चुरा होतो, आणि वाफेला वाटही राहत नाही. भट्टी 190 अंशांवर तापवून ताप्सी सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. पंधरा मिनिटांनी 180, मग आणखी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. रंगावर विसंबू नका. थाळा हलवला की आख्खी पीता आत सरकली पाहिजे, तेव्हा तळ सुटला म्हणायचा. बाहेर काढल्यावर झाकायचं नाही. पोळी दुरडीत कापडाखाली मऊ राहावी म्हणून ठेवतो, इथे तेच केलंत तर तासाभराची मेहनत वाफेत मऊ पडते. घरच्या ओटीजीत 28 सेंटीमीटरचा थाळा मावतो. त्याला 300 ग्रॅम मैदा घ्या आणि बाकीचं त्याच हिशोबाने कमी करा.

कुठे घ्यावा, हा तुमचा खरा प्रश्न. मोठ्या पीतांचा खरा मुलूख उत्तरेकडचा, एपिरस, त्यातही झागोरीची डोंगरी गावं. तुमच्या वाटेवर तो नाही. अथेन्समध्ये मंडईची फेरी जोडलेले क्लास असतात. अथिनास रस्त्यावरच्या वार्वाकिओस मंडईत मटण आणि मासळीची दालनं आहेत, भाजीवाले रस्त्याच्या पलीकडे. मांसाचा वास सोसत नसेल तर फेरी फक्त पलीकडच्या बाजूची करा, असं आधीच सांगा. रविवारी मंडई बंद असते. सँटोरिनीत क्लासचे निम्मे पैसे समुद्र दिसण्याचे असतात. तिथे शिकायचंच तर फावा शिका. ही पिवळी डाळ तिथल्या लॅथिरस क्लिमेनम या वेलीची, विदर्भातल्या लाखेच्या डाळीच्याच वंशातली, प्रजाती वेगळी. डाळ कांद्याबरोबर मंद शिजवून, घोटून, वर कच्चं तेल आणि लिंबू. तुम्ही क्रीटमध्ये घ्या, शहराबाहेरच्या एखाद्या गावात.

क्रीटमध्ये एका बाबतीत नवऱ्याचं म्हणणं खरं ठरेल, तेही मान्य करते. स्फाकिया भागातली पीता म्हणजे तेल आणि थोडी राकी, म्हणजे तिथली द्राक्षांची दारू, घालून मळलेला गोळा, त्याच्या वाटीत तेवढ्याच वजनाचं मिझिथ्रा चीज, तोंड बंद करून हलक्या हाताने ताटलीएवढी पातळ लाटायची, तव्यावर दोन्हीकडून भाजायची, वर मध. पुरणपोळी येणाऱ्या बाईला ही पहिल्याच गोळ्याला जमते. चीज मात्र कोरडं हवं, ओलं असेल तर कडेने फुटतं.

शाकाहाऱ्याला ग्रीसमध्ये काय मिळणार, हा दुसरा सूर. चर्चच्या उपवासांत, ईस्टरआधीचे सुमारे सात आठवडे, ऑगस्टचे पहिले चौदा दिवस, वर्षातले बहुतेक बुधवार-शुक्रवार, मांस-दूध-अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे तेलात शिजवलेल्या भाज्यांचं, लादेराचं, मोठं दालन तिथल्या घरांत आहे. भेंडी शिकून घ्या: देठाचा शंकू सोलून, भोक न पाडता, व्हिनेगर लावून तासभर ठेवायची, मग कांदा-टोमॅटोत शिजवायची. डाव अजिबात घालायचा नाही, पातेलंच हलवायचं. आपण आमसूल घालतो त्याचंच कारण, आंबटाने तार सुटत नाही.

द्राक्षाच्या पानांचे दोल्माद्याकियाही मागा, म्हणजे पानात सारण भरून केलेल्या वळकट्या, नुसत्या भाताच्या. पानाची शिरांची बाजू वर, चमचाभरच सारण, वळकटी सैल. घट्ट केलीत तर तांदूळ फुगून पान फाटतं. तिथे यासाठी सुल्तानिना जातीचं पान पसंत करतात, कारण ते पातळ आणि बिनलवेचं. ही जात म्हणजेच आपली थॉमसन सीडलेस, तासगावची तास-ए-गणेश तिच्यातूनच निघाली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर महिन्याभरात कोवळी पानं येतात. फक्त विकायच्या बागेतली नकोत, औषधं मारलेली असतात. ओळखीत कुणाच्या परसात बिनफवारणीची वेल असेल तरच घ्या.

दोन इशारे. ‘निस्तीसिमो’, म्हणजे उपवासाचं, असं सांगून मागवलंत तर ऑक्टोपस आणि कालवंही पुढ्यात येतील. पाठीचा कणा नसलेले जलचर त्यांच्या उपवासाला चालतात. त्यामुळे मांस, मासे, कोळंबी, ऑक्टोपस नको, अशी यादीच लिहून द्या. आणि फेटा जमवायला पारंपरिक पद्धतीत जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात, मिझिथ्राही अशाच चीजच्या निवळीपासून होतं. तुम्हाला ते चालत नसेल तर बुकिंगच्या ईमेलमध्येच विचारा. नुसत्या पाल्याची, भरपूर कांद्याची पीताही करतात आणि ती अजिबात उणी लागत नाही.