पहिल्याच चालीला थांबायचं?

प्रश्न: सेंटिपीड गेममध्ये दोघांनी आळीपाळीने ‘थांबतो’ किंवा ‘पुढे’ म्हणायचं असतं. ‘थांबतो’ म्हटलं की खेळ तिथेच संपतो; ‘पुढे’ म्हटलं की दोघांचे मिळून गुण दुप्पट होतात. तरीही बॅकवर्ड इंडक्शनने (शेवटच्या चालीपासून मागे येत विचार केल्यास) उत्तर येतं, पहिल्याच चालीला थांबा! गणितात कुठे चुकतंय?

उत्तर: गणित बरोबर आहे. चार चालींचा खेळ घ्या; पहिली-तिसरी चाल ‘अ’ची, दुसरी-चौथी ‘ब’ची. त्या-त्या चालीला थांबल्यास गुण (आधी अ, मग ब) असे: ४–१, २–८, १६–४, ८–३२. कुणीच थांबलं नाही, तर ६४–१६.

सुरुवात चौथ्या चालीपासून करायची. ‘ब’ला थांबून ३२, पुढे जाऊन १६, तो थांबणार. म्हणून ६४–१६ वर काट मारा. आता तिसऱ्या चालीला ‘अ’पुढे १६ की ८ एवढाच प्रश्न उरतो; तोही थांबणार. दुसऱ्या चालीला ‘ब’पुढे ८ की ४, पहिल्या चालीला ‘अ’पुढे ४ की २. ज्याची चाल, त्याचेच गुण पाहायचे. बहुतेकांची नजर ८० च्या बेरजेवर जाते आणि घोटाळा तिथेच होतो.

मात्र ही साखळी एका गृहीतकावर उभी आहे: दोघेही स्वतःचेच गुण पाहतात, चुकत नाहीत आणि समोरचाही तसाच आहे याची दोघांना पक्की खात्री आहे. गंमत म्हणजे ‘अ’ने पहिल्याच चालीला ‘पुढे’ म्हटलं, की ‘ब’च्या दृष्टीने ही खात्रीच डळमळते.

शंकेला आकड्यात धरू. ‘ब’ शेवटी हातचे ३२ सोडून ‘पुढे’ म्हणण्याची शक्यता प असेल, तर तिसऱ्या चालीला पुढे जाण्यात ‘अ’ला सरासरी ६४प + ८(१−प) मिळतात. हे १६ पेक्षा जास्त व्हायला प फक्त १/७ च्या वर हवा. मॅकेल्वी आणि पाल्फ्री या संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गुणांचं प्रमाण हेच होतं. त्यात पहिल्याच चालीला थांबलेले खेळ जेमतेम ७ टक्के, आणि शेवटच्या चालीपर्यंत पोचलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने हातचं सोडून दिलं. म्हणजे तिथे तिसऱ्या चालीला पुढे जाणंच फायद्याचं होतं: सरासरी २२.

एकाची जीत म्हणजे दुसऱ्याची हार असेल, तिथे ही अडचण येत नाही. २१ काड्या, एका वेळी १ ते ३ उचलायच्या, शेवटची उचलेल तो जिंकला. आधी १ उचला. मग दर फेरीत समोरच्याच्या आणि तुमच्या मिळून ४ होतील एवढ्याच उचला. समोरचा हुशार असो वा धांदरट, काही बिघडत नाही.