शंभरी ओलांडलेल्या लाकडी गाडीत बसू का?

प्रश्न : मुलगा मेलबर्नला असतो. डिसेंबरात आम्ही दोघं जाणार आहोत. तिथल्या लुना पार्कमध्ये लाकडाचं जुनं रोलर कोस्टर आहे म्हणे, आणि त्यात आजीनं बसायचंच, असा नातवाचा हट्ट. आमच्या ह्यांचं म्हणणं, शंभर वर्षांच्या लाकडाचा काय भरवसा! मी माळेगावच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसलेली बाई आहे, मला भीती नाही. वय ६४, बीपीची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. बसू का?
— एक आजी, परभणी

उत्तर : ताई, आधी तुमच्या ह्यांच्या शंकेचं बघू. आयटीआयला पोरांना सुतारकाम शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे लाकडाबद्दल कुणी काही बोललं की मला राहवत नाही.

ही गाडी १३ डिसेंबर १९१२ ला सुरू झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १९०२ ची एक आहे, पण ती १९८५ ते १९९९ बंद होती. न थांबता चालत आलेल्यांत मेलबर्नचीच सगळ्यात जुनी. म्हणून तिथलं प्रत्येक लाकूड १९१२ चं आहे असं मात्र नाही. आपल्याकडच्या माळवदाची एखादी तुळई किडली तर तेवढी काढून नवी घालतात, घर पाडत नाहीत, तसंच हे. अशा लाकडी कोस्टरचा रूळमार्ग माणसं पायी फिरून तपासतात, ढिले बोल्ट आवळतात, खराब फळी बदलतात. गाडी जाताना सांगाडा करकरतो, थोडा हलतोही. त्याला घाबरू नका. लाकूड दाब घेताना लवतं आणि परत जागेवर येतं, तो त्याचा गुणच आहे.

खरी गंमत ब्रेकची. लेकीकडे गेलो होतो तेव्हा मी त्यात बसलो, तेही मुद्दाम ब्रेकवाल्याच्या जवळ. गाडीच्या मधोमध एक माणूस उभा असतो. आपण दांडा धरून बसलेलो, आणि हा पूर्ण फेरी उभ्यानं! वळण आलं, उतार आला की लांब दांडा ओढतो. मी समुद्र सोडून त्याच्या हाताकडंच बघत बसलो. शोभेला ठेवलेला नाही तो. गाडी एकदा चढावर ओढून नेली की पुढं इंजिन वगैरे काही नाही, सगळा खेळ उताराचा. या जुन्या बनावटीत चाकं रुळावर आणि बाजूला असतात. रुळाखालून पकडून ठेवणारं चाक नसतं. उंचवट्यावरून वेग जास्त झाला तर गाडी उचलली जाईल, म्हणून वेग माणसानं आवरायचा. खालून धरणाऱ्या चाकांचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन माणसानं १९१९ मध्ये घेतलं, तेव्हापासून उतार एकदम खडे झाले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचं १९२७ चं सायक्लोन ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास पळतं. नातवानं उद्या तिकडं न्यायचं म्हटलं तर मात्र मी तुम्हाला बसा म्हणणार नाही.

आता तब्येत. बीपी गोळीनं ताब्यात असेल तरी निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘झटके बसणाऱ्या पाळण्यात बसू का?’ ‘ऑस्ट्रेलियाला जाऊ का’ एवढंच विचारलं तर ते हो म्हणून मोकळे होतील. हृदयाचा, मानेचा, मणक्याचा त्रास असेल तर बसूच नका. मागच्या डब्याला हिसका जास्त बसतो, मधली जागा बरी. साडी नको, पंजाबी ड्रेस घाला आणि ओढणी सुनेकडं द्या. कवळी असेल तर तीही काढून द्या, यात लाजायचं काही नाही. गुडघ्यांचा प्रश्न चढता-उतरताना येईल, तेव्हा हात धरायला मुलाला जवळ ठेवा. फाटकावरच्या सूचना नातवाकडून वाचून घ्या, त्याची उंची पुरते का तेही तिथंच कळेल.

पार्क सेंट किल्डा भागात समुद्राला लागून आहे, शहरातून ट्राम जाते. आत शिरायचं ते एका अवाढव्य चेहऱ्याच्या उघड्या तोंडातून. गाडी पार्कच्या कडेकडेनं फिरते, वरून खाडी दिसते. तुमचे हे बसणार नसतील तर त्यांना खाली फोटोच्या कामाला लावा. एक मात्र करा, पार्क मुख्यतः शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्यांतच उघडं असतं, आणि डागडुजीसाठी ही गाडी मधेच बंदही ठेवतात. आधी चौकशी करूनच निघा.