शहराच्या ग्रीनहाऊस गॅस उत्सर्जनाच्या मॉडेलिंगवर पीएचडी करायचीय. फील्डवर्क न करता, नुसत्या तयार डेटावर होईल का? आणि पुढे स्कोप आहे का?

होईल. डिग्री मिळेल, पेपरही छापून येतील. एडगर डाऊनलोड करायचा, ओडियाक डाऊनलोड करायचा (दोन्ही जगभरच्या उत्सर्जनाचे तयार डेटासेट), डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल चालवायचं, त्यावर इन्व्हर्जन लावायचं, म्हणजे हवेतल्या मापनावरून उलटं गणित करून कुठून किती आलं ते काढायचं, नकाशे रंगवायचे. बरेच जण असंच करतात आणि त्यांना कोणी अडवत नाही. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की "आमचे सर म्हणतात मॉडेलिंग हेच खरं रिसर्च, बाकी डेटा गोळा करणं कोणीही करू शकतं", ते वाचून राहवलं नाही. माझी पीएचडी याच विषयातली, मुंबईवर. आणि अगदी हेच मला माझ्या कमिटीतल्या एका प्राध्यापकांनी भर प्रेझेंटेशनमध्ये ऐकवलं होतं. शब्द होते, "हे तलाठ्याचं काम आहे, यात सायन्स कुठाय?"

काय झालं ते सांगतो. आमचा एक ॲनालायझर मुंबईतल्या जुन्या, दाट वस्तीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर होता. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड, तिन्ही मोजायचा. मोनॉक्साइड कशासाठी घेतात हे तुम्हाला माहीत असेलच, कोणत्या प्रकारच्या जळणातून किती आलं हे वेगळं काढायला मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडचं गुणोत्तर कामाला येतं. तर थंडीच्या दिवसांत रोज मध्यरात्रीनंतर मोनॉक्साइड वर चढायचा, पहाटेपर्यंत चढलेलाच, आणि रस्त्यावर तर त्या वेळी चिटपाखरू नाही. मॉडेलने सगळं ट्रॅफिकच्या खात्यावर टाकलं. टाकणारच, कारण आमच्या प्रायरमध्ये, म्हणजे मॉडेलला आधीच दिलेल्या उत्सर्जनाच्या अंदाजात, नकाशाच्या त्या चौकोनात रात्री मोनॉक्साइड सोडणारं दुसरं काही नव्हतंच. इन्व्हर्जनला तुम्ही जी नावं देता त्याच नावांवर ते बिल फाडतं.

कमिटीत दोन सल्ले मिळाले. एक, मॉडेलमधली बाउंड्री लेयरची (जमिनीलगतच्या हवेच्या थराची) स्कीम बदलून बघ, रात्री मिक्सिंग कमी पडत असेल. दुसरा, रात्रीचा डेटा काढूनच टाक, सगळे दुपारचेच तास वापरतात. आता दुसरा सल्ला चुकीचा नाहीये, जगभर तीच पद्धत आहे, रात्रीची हवा जमिनीलगत थिजते आणि मॉडेलला ती उंची नीट पकडता येत नाही. पण मग जे रात्रीच जळतं ते तुमच्या पद्धतीला आयुष्यात कधी दिसणार?

मी इमारतीच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "वास येतो की रोज लाकडाचा, मागच्या गल्लीत पावाच्या भट्ट्या आहेत." रात्री जाऊन बघितलं. एकाशेजारी एक बेकऱ्या, विटांच्या खोल भट्ट्या, आत जळत होती जुन्या दारांची लाकडं, खिडक्यांच्या चौकटी, मोडक्या कपाटांच्या फळ्या. जुन्या इमारती पाडल्या की हे लाकूड स्वस्तात येतं. आधी काही तास नुसती आग, भिंती तापल्या की निखारे बाजूला ओढायचे, मग लांब दांड्याच्या फळीवरून लादीपावाचे ट्रे आत. पहाटे सायकलवाले उचलायला येणार, म्हणजे धूर रात्रीच होणार. गच्चीवरचा तो चढ अख्खाच्या अख्खा तिथे उभा होता. भट्टीवाल्या चाचांना विचारलं लाकूड किती लागतं, तर किलोत सांगता येईना, म्हणाले, "मैदे की बोरी के हिसाब से बोलता हूँ." ही माहिती कुठल्याही डेटाबेसमध्ये नाही, पण तीच सगळ्यात पक्की आहे, कारण मैद्याच्या गोणीचा हिशेब मालक रोज ठेवतो. मग एका गोणीमागे जाणारं लाकूड शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून घेतलं, आणि हेच आणखी बेकऱ्यांमध्ये केलं. ते प्रायरमध्ये घातल्यावर ट्रॅफिकचा फुगलेला आकडा खाली आला, बाउंड्री लेयरच्या स्कीमला हातही न लावता.

आणि यावर तलाठ्याचं काम!

त्यात सायन्स कुठाय ते आता सांगतो, तेव्हा बोलू दिलं नव्हतं. लाकडाचा कार्बन डायऑक्साइड बायोजेनिक, म्हणजे झाडांनी हवेतूनच घेतलेला, धरतात, शहराच्या उत्सर्जनाच्या यादीत तो वेगळा दाखवतात, बेरजेत घेत नाहीत. गच्चीवरच्या यंत्राला मात्र लाकूड आणि डिझेल यातला फरक कळत नाही, त्याच्यासाठी रेणू तो रेणू. फरक कळतो रेडिओकार्बनला, म्हणजे कार्बन-१४ मोजला तर. कोळसा-पेट्रोल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो कारण त्याचं अर्धायुष्य जेमतेम ५,७३० वर्षं, आणि दरवाजाचं लाकूड त्यामानाने कालचं. त्यामुळे भट्टीचा धूर माहीत नसेल तर मोनॉक्साइडवरून काढलेला तुमचा फॉसिल आकडा चुकतो, आणि चुकलाय हेही कळत नाही. त्यात जुन्या पेपरांमधलं गाड्यांचं गुणोत्तर उचलून वापरलं तर आणखी घोळ, एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम आल्यावर नव्या गाड्यांचं गणितच वेगळं झालंय.

पुढची गंमत धोरणाची. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. श्वासासाठी उत्तम निर्णय, त्या गल्लीत उभं राहिलेला माणूस दुसरं काही म्हणणार नाही. पण भट्टी लाकडावरून पाइप गॅसवर गेली की कागदावर शहराचं फॉसिल उत्सर्जन वाढतं, आणि विजेवर गेली तर ते स्कोप दोनमध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेल्या विजेच्या खात्यात, जातं, म्हणजे धूर निघणार डहाणूला किंवा आणखी लांब कुठेतरी. उद्या कोणी नुसता तयार डेटा घेऊन "मुंबईच्या उपाययोजनेनंतर उत्सर्जन वाढले" असा पेपर लिहिला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

ओडियाकबद्दल एवढंच की मोठी वीजकेंद्रं बिंदू म्हणून ठेवून बाकीचं उत्सर्जन ते रात्रीच्या दिव्यांच्या उजेडावरून वाटतात. साधारण एक किलोमीटरचा चौकोन. देशपातळीवर चांगलं काम आहे. पण मरीन ड्राइव्हला उजेड भरपूर आणि जळत काहीच नाही, आणि बेकरीच्या गल्लीत एक बल्ब.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत केविन गर्नी आणि त्यांच्या टीमने इंडियानापोलिसची हेस्टिया नावाची यादी इमारतीनिहाय, रस्त्यानिहाय, तासातासाची केली. तिथे टॉवरवरच्या मापनातून इन्व्हर्जनने आलेला आकडा यादीपेक्षा साधारण २० टक्के जास्त निघाला होता, तेव्हा कोणी कोणाला तलाठी म्हटलं नाही, दोन्ही बाजू बसल्या, थंडीतला माती-झाडांचा श्वास वगैरे सुटलेल्या गोष्टी धरल्या आणि फरक थोडक्या टक्क्यांवर आला. त्याच गटाने २०२१ मध्ये ४८ अमेरिकन शहरांनी स्वतः जाहीर केलेले आकडे तपासले, सरासरी १८.३ टक्के कमी दाखवलेले निघाले. जिथे प्रत्येक मीटरची नोंद आहे तिथे ही स्थिती. आणि मिथेनचं बघा, २०२२ मध्ये उपग्रहाच्या मापनांवरून ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांचा अभ्यास आला, शहरांचं मिथेन नेहमीच्या याद्यांपेक्षा १.४ ते २.६ पट जास्त. कचऱ्याचे डोंगर त्यात मोठे वाटेकरी. आता ते डोंगर यादीत कमी का भरले हे उपग्रह सांगत नाही, त्यासाठी तिथे जाऊन ओला कचरा किती, माती कधी टाकतात, गॅस ओढून घेणारे पाइप चालू आहेत की नुसतेच रोवलेत, हे बघावं लागतं.

स्कोपचं विचारलंत. संस्थांमध्ये पोस्टडॉक मिळतं, बाहेर सहज मिळतं. महापालिकांच्या क्लायमेट प्लॅनवर काम करणाऱ्या संस्था आणि कन्सल्टन्सी माणसं घेतात, मुंबईचा प्लॅन २०२२ मध्ये आला आणि २०५० ला नेट झिरो म्हणतोय, म्हणजे कोणालातरी हिशेब ठेवावाच लागणार. परमनंट फॅकल्टीची जागा मिळेल असं धरून मात्र येऊ नका. पायथन, लिनक्स येत नसेल तर आजच सुरू करा, इन्व्हर्जनचं गणित नंतर शिकता येतं.

आता काही गोष्टी सांगायला हव्यात. मी मॉडेलच्या विरोधात नाही, माझा थिसिसही मॉडेलचाच आहे, भट्ट्या हा त्यातला एक चॅप्टर. मुंबई जरा वेगळीही आहे, रात्री जमिनीवरचा वारा शहराची हवा समुद्रावर नेऊन ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तीच परत येते, म्हणून इथे स्वच्छ बॅकग्राउंड, म्हणजे शहराची भर पडण्याआधीची हवा, ठरवणं हाच एक मोठा प्रश्न आहे आणि तो निव्वळ मॉडेलिंगचा आहे. वर नॅशनल पार्कची झाडं रात्री श्वास सोडतात ते वेगळं. तुम्हाला फील्डवर्क खरंच झेपत नसेल, तब्येत किंवा घरची अडचण असेल, तर बॅकग्राउंडवर काम करा. गोव्यात काब द रामला १९९३ पासून काही वर्षं हवेचे नमुने घेतलेत, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सिंहगडावर २००९ पासून, पावसाळ्यात समुद्रावरून येणारी हवा आणि हिवाळ्यात जमिनीवरून येणारी यातला फरक त्यात दिसतो. ही मेहनत आधीच कोणीतरी करून ठेवलीय, तिचा मान ठेवून वापरा.

गाईड निवडताना पहिल्याच भेटीत विचारा की तुमच्या विद्यार्थ्यांनी प्रायरमधला एखादा आकडा स्वतः जाऊन तपासलाय का, आणि तो चुकीचा निघाला तेव्हा तुम्ही काय केलंत. "प्रायर काय, इन्व्हर्जन सुधारून घेईल" असं उत्तर आलं तर दुसरा गाईड बघा, सध्याच्या सरांना वाईट वाटलं तरी चालेल.