आईल ऑफ मॅन : भाड्याची कार नको, रेल्वेनेच फिरा

मँचेस्टरहून सासूसासऱ्यांना घेऊन दोन रात्री जायचंय आणि तिकडे कार भाड्याने घ्यावी का असं विचारलंयत. माझं मत, अजिबात नका घेऊ. अहो इंग्लंड-आयर्लंडच्या मधल्या त्या बेटावर जायचं तेच मुळी जुन्या रेल्वेगाड्यांसाठी.

ज्या दिवशी हवा मोकळी असेल त्या दिवशी बाकी सगळं सोडून स्नेफेल हा तिथला डोंगर करा. राजधानी डग्लसच्या प्रोमनेडच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याच्या, उत्तर टोकाला डर्बी कॅसल स्टेशन आहे, तिथून इलेक्ट्रिक ट्राम निघते, लाइन १८९३ ची आणि तेव्हाचे १ आणि २ नंबरचे डबे अजून टिकलेत! उघडा डबा जोडला असेल तर त्यातच बसा, फक्त विंडचीटर हवाच, जूनमध्येसुद्धा. लॅक्सी गावाला उतरलात की तिथूनच डोंगरावरची ट्राम, ही १८९५ ची, ६२१ मीटरवर नेते. उटीच्या गाडीसारखी दात्यांवर चढत असेल असं वाटतं पण तसं नाहीये, मधोमध जो जादा रूळ दिसतो तो ब्रेकसाठी बसवलेला, तो दोन्ही बाजूंनी आवळून गाडी रोखता येते, चढायचं काम नुसत्या मोटरवर. वरून इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स सगळं दिसतं म्हणतात, ढग असले तर स्वतःचे बूट दिसले तरी खूप. खाली आल्यावर लॅक्सी व्हील हे पाण्यावर फिरणारं अवाढव्य चाक बघा, खाणीतलं पाणी उपसायला १८५४ साली बांधलेलं, व्यास २२ मीटर. वर जायला जिना आहे पण गुडघे दुखत असतील तर राहू द्या, खालूनच जास्त भारी दिसतं.

दुसऱ्या दिवशी वाफेची गाडी, डग्लस ते पोर्ट एरिन, साधारण २५ किमी, १८७४ पासूनची. इंजिनं बेयर पीकॉक कंपनीची, म्हणजे तुमच्याच मँचेस्टरची :) मधे कॅसलटाउनला उतरून किल्ला करा. वाफेच्या गाडीचं डग्लसचं स्टेशन मात्र प्रोमनेडच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, ट्रामवरून उतरून लगेच ही पकडू असं ठरवू नका.

हिवाळ्यात या गाड्या जवळजवळ बंदच आणि सीझनमध्येही रोज असतीलच असं नाही, तेव्हा आधी टाइमटेबल बघा मग फेरीबोटीचं बुकिंग. मेअखेर ते जूनची सुरुवात टाळा, टीटी मोटरसायकल रेस असते, रूम मिळत नाही.

पश्चिम किनाऱ्यावरच्या पील गावाची रेल्वे १९६८ लाच बंद पडली, तिथे बसने जायचं. किल्ला आहे, धुरावलेला किपर मासा मिळतो. आणि सुट्टे म्हणून मिळालेल्या मँक्स (म्हणजे बेटाच्या स्वतःच्या) नोटा तिथेच संपवा, मँचेस्टरच्या दुकानात कोणी घेत नाही.